रोमचा दाखला देताना

गेल्या महिन्यात आमच्या आजोळच्या ग्रुपवर दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या मामेभावाने, एक लांबलचक मेसेज टाकला. वर पांढऱ्याशुभ्र संगमरवरी खांबांचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'रोम का बुडालं?' आणि मग कारणांची माळ. रोमन लोक चैनीत लोळायला लागले. पोटभर जेवून पुन्हा जेवता यावं म्हणून त्यांनी उलटी करायला वेगळी खोली बांधली. शुद्ध रोमन रक्ताची माणसं कमी झाली, बाहेरचे आत घुसले, नागरिकत्व खिरापतीसारखं वाटलं गेलं आणि हजार वर्षांचं साम्राज्य मातीला मिळालं. शेवटची ओळ: आपणही वेळीच जागे होऊया.

मेसेज कशासाठी आला होता ते ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक होतं. दादाचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशिन शॉप आहे. आजोळच्या गल्लीत गेल्या दोन-तीन वर्षांत फाउंड्रीत काम करणाऱ्या ओडिशा-बिहारच्या पोरांनी खोल्या घेतल्या आहेत. काहींनी बायका-मुलं आणली, काहींची नावं मतदार यादीत आली, आणि त्यावरून तालमीच्या कट्ट्यावर रोज हमरीतुमरी चालते. त्या भांडणात रोमला साक्षीला उभं केलं होतं.

त्याला उत्तर दिलं माझ्या भाच्याने. तो पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याचं म्हणणं, मामा, रोमचं सोडा, ग्रीसकडे बघा. अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांनी लोकशाही आणली, माणूस म्हणून सगळ्यांना समान मानलं, आणि आपण अजून हा आतला, तो बाहेरचा करत बसलोय.

दोघांनाही मी उत्तर लिहायला घेतलं. दोन रात्री लिहिलं, खोडलं. शेवटी चार ओळी टाकल्या, तर दादाचं उत्तर आलं, "तू तिकडं बसून आम्हाला शिकवू नगंस. हितं येऊन ऱ्हा, मग बोल." मी गप्प बसलो. पण ते वाक्य गेले चार आठवडे इथे जर्मनीत माझ्याबरोबर यू-बानने, म्हणजे मेट्रोने, कामाला जातंय आणि संध्याकाळी परत येतंय, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी ती उलटीची खोली निकालात काढू, कारण ती सगळ्यात सोपी. व्होमिटोरियम हा शब्द खरा आहे, पण ती खोली नव्हे. अ‍ॅम्फीथिएटरमधून प्रेक्षकांच्या आत-बाहेर जाण्याची ती वाट. खेळ संपला की गर्दी त्या तोंडांतून भसकन बाहेर पडायची म्हणून तो शब्द. दादा, आपण दोघं लहानपणी मामांच्या बोटाला धरून खासबागेत कुस्त्या बघायला जायचो. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, तिथे रोमचं कोलोसियम पाहून त्यांना खासबाग मैदानाची कल्पना सुचली, हे मामांनीच आपल्याला त्या मैदानात बसून सांगितलं होतं. शेवटची कुस्ती सुटल्यावर आपण ज्या वाटेने धक्के खात बाहेर यायचो, त्या वाटेला रोमन माणूस व्होमिटोरियम म्हणाला असता.

आता ते पांढरे खांब. मी फ्रांकफुर्टला राहतो. इथल्या लीबिगहाउस संग्रहालयात फिन्त्सेन्झ ब्रिंकमान आणि उलरिके कॉख-ब्रिंकमान या दांपत्याचं आयुष्यभराचं काम पाहायला मिळतं. ग्रीक-रोमन पुतळ्यांवर तिरपा प्रकाश आणि अतिनील किरण टाकून ते दगडात उरलेल्या रंगाच्या खुणा शोधतात आणि मग प्रतिकृतीवर तसेच रंग चढवतात. त्यांतला एजिना या ग्रीक बेटावरच्या मंदिराचा धनुर्धर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा जागेवर थांबलो. पायाच्या घोट्यापासून मनगटापर्यंत निळ्या-तांबड्या-हिरव्या-पिवळ्या चौकटींचा अंगाबरोबर बसणारा पोशाख, डोळ्यांत बुबुळं, ओठांना लाली. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती. ती म्हणाली, "बाबा, हा तर आपल्या गावच्या जत्रेतला आहे." तिला जे एका क्षणात दिसलं ते युरोपातल्या विद्वानांना दीड-दोनशे वर्षं बघायचं नव्हतं. अठराव्या शतकात विंकेलमान या जर्मन कलापंडिताने पांढऱ्या संगमरवराची इतकी थोरवी गायली की पुतळ्यांवरचा उरलासुरला रंग म्हणजे मळ वाटायला लागला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १९३० च्या दशकात अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं तांब्याच्या हत्यारांनी खरवडली, ती आणखी पांढरी दिसावीत म्हणून. ऊन, पाऊस आणि जमिनीखालची शतकं यांनी रंग उडवला, उरलेला माणसांनी काढला, आणि मग त्या उघड्या दगडाला आपण 'संयम', 'शिस्त', 'शुद्धता' अशी नावं दिली. देवाला रंगवणं, नटवणं, वस्त्र नेसवणं, मिरवणुकीने नेणं, बळी देणं, नवस बोलणं हे सगळं ते करायचे. अंबाबाईचा रथोत्सव पाहिलेल्या माणसाला अथेन्सचा उत्सव समजायला जर्मन प्राध्यापकापेक्षा कमी वेळ लागेल, असं माझं मत आहे.

ही पहिली तक्रार: तुमचा रोमन तुम्ही धुऊन, वाळवून, पांढरा करून घेतलेला आहे.

दुसरी तक्रार रक्ताची, आणि ती मला जास्त लागते.

जगभरातले लोक आपलं कूळ मोठं करून सांगतात. सूर्यापासून, चंद्रापासून, देवापासून. रोमन लोकांनीही देव घातले मधे, पण मूळ गोष्ट काय सांगितली ते बघा. त्यांचा मूळपुरुष इनियास हा ट्रॉय जळाल्यावर म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन पळालेला निर्वासित. पुढे रोम्युलसने गाव वसवलं, वस्ती वाढेना, तेव्हा त्याने कॅपिटॉल टेकडीवर आसरा उघडला. पळून आलेले, कर्जबाजारी, गुलाम, जो येईल त्याला आत घेतलं. ही गोष्ट रोमच्या शत्रूंनी पसरवलेली नाही. रोमन स्वतःच्या मुलांना ती सांगायचे.

मग शुद्ध रोमन रक्त कुठे शोधायचं? सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आजच्या लिबियातल्या लेप्टिस माग्ना गावचा. त्याची बायको युलिया डोम्ना सीरियातल्या होम्सची. बर्लिनच्या आल्टेस म्युझियममध्ये त्यांचं कुटुंबचित्र आहे, लाकडाच्या गोल फळीवर रंगवलेलं, फार तर पूजेच्या ताटाएवढं. सेव्हेरस सावळा, तपकिरी, दाढी पिकलेली. शेजारी ती, उजळ, गळ्यात आणि कानांत मोती. पुढे दोन मुलगे. त्यांतल्या एकाचा चेहरा खरवडून काढलेला आहे. तो गेटा. त्याला त्याच्या सख्ख्या भावाने, कॅराकॅलाने, मारून टाकलं आणि त्याची नावं-चित्रं साम्राज्यभर पुसायला लावली. त्या फळीसमोर मी बराच वेळ उभा होतो. आफ्रिकेत जन्मलेला सेव्हेरस २११ मध्ये इंग्लंडातल्या यॉर्कला वारला, रोमचा सम्राट म्हणून. आणि २४८ मध्ये रोम शहराला हजार वर्षं झाली तेव्हा त्या सोहळ्याचा यजमान सम्राट होता फिलिप, ज्याला इतिहास 'अरब' म्हणूनच ओळखतो, कारण तो आजच्या दक्षिण सीरियात जन्मला होता. दादाच्या मेसेजमध्ये ज्या 'हजार वर्षांच्या' रोमचा अभिमान आहे, त्याचा हजारावा वाढदिवस एका सीरियन माणसाने साजरा केला.

राहिलं नागरिकत्वाचं. २१२ मध्ये त्याच कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना रोमन नागरिक केलं. त्या फर्मानाची ग्रीक प्रत एका पपायरसवर आहे, आणि तो पपायरस आहे गीसेनच्या विद्यापीठात, माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत. कडा झडलेल्या, मधे भोकं, ओळी अर्ध्यामुर्ध्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तो ज्या तळघरात ठेवला होता तिथे पाणी शिरलं, त्यात तो आणखी खराब झाला. कॅराकॅला काही साधू नव्हता, त्याने काय केलं ते वर लिहिलंच आहे. त्याच काळातला इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो की त्याला करदाते वाढवायचे होते. असेल. पण दादा, साधा हिशेब कर. नागरिकत्व वाटल्यामुळे साम्राज्य बुडालं म्हणतोस, तर वाटल्यानंतर पश्चिमेचं साम्राज्य ४७६ पर्यंत म्हणजे आणखी २६४ वर्षं टिकलं, आणि पूर्वेचं, कॉन्स्टँटिनोपलचं, १४५३ पर्यंत म्हणजे १,२४१ वर्षं. ते लोक शेवटपर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत होते. सातारच्या गादीपासून आजपर्यंतचा सगळा काळ त्या १,२४१ वर्षांत तीनदा बसेल.

मग पश्चिमेचं रोम बुडालं कशाने? आलेक्झांडर डेमांट नावाच्या जर्मन इतिहासकाराने १९८४ मध्ये आजवर कोणी कोणी कोणती कारणं दिली त्यांची यादी केली. ती २१० भरली. प्रत्येक पिढीने आपल्या काळात जे नावडतं होतं ते रोमच्या माथी मारलेलं त्या यादीत दिसतं. मी वाचलेल्यांत मला सर्वांत पटतं ते हे: तिसऱ्या शतकात सेनापतींनी एकमेकांशी लढून पन्नास वर्षांत वीसहून जास्त सम्राट केले आणि मारले, आणि पाचव्या शतकात, ४३९ मध्ये, कार्थेज शहर व्हँडल लोकांच्या हाती गेल्यावर उत्तर आफ्रिकेचं धान्य आणि कर गेले. बाहेरच्यांनी लढाया केल्या, शहरं लुटली, हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण बाहेरच्यांना शतकानुशतकं आत घेऊनच ते राज्य एवढं झालं होतं. शेवटी शेवटी ते जमेनासं झालं.

आणि 'रानटी टोळ्या' हा आपल्या शाळेच्या पुस्तकातला शब्द. इथे आल्यावर मला त्याची गंमत कळली. इटालियन आणि फ्रेंच लोक त्या काळाला 'रानट्यांच्या स्वाऱ्या' म्हणतात. जर्मन लोक त्याच घटनांना म्हणतात 'फोल्करवांडरुंग', लोकसमूहांचं स्थलांतर. कारण ते रानटी म्हणजे यांचे पूर्वज. लेकीच्या इतिहासाच्या पुस्तकात नकाशावर लाल, निळे, हिरवे बाण आहेत, शांतपणे सरकणारे, त्यांत कुणी घुसत नाही. शब्द कोणाच्या बाजूने निवडला यावर सगळं ठरतं. इथलेही लोक रोमला हवं तसं वापरतात बरं का. २०१० मध्ये गीडो वेस्टरवेले परराष्ट्रमंत्री असताना बेकारभत्त्याच्या वादात 'रोमच्या अखेरच्या काळातला ऱ्हास' असं बोलून गेले आणि आठवडेच्या आठवडे तेच चाललं होतं. म्हणजे चूक कोल्हापूरची एकट्याची नाही. फरक एवढाच की इथे दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत प्राध्यापक पुराव्यांसह उभे राहिले. आपल्याकडे मात्र मेसेजखाली अंगठे येतात. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते खरं आहे.

आता भाच्याकडे वळतो. बाळा, तुझा हेतू चांगला आहे, पण तुझं अथेन्सही दादाच्या रोमइतकंच धुतलेलं आहे.

अथेन्सच्या लोकशाहीत मला जे थोर वाटतं ते असं: पाचशे जणांचं मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडायचे, न्यायालयातले पंचही चिठ्ठीने, आणि गरिबाला रोजगार बुडवून बसता यावं म्हणून पंचांना दिवसाचे पैसे मिळायचे. मोच्याने आणि मासे विकणाऱ्याने युद्ध-शांततेवर मत द्यावं, हे तेव्हा कुठे होतं? पण 'सगळे समान' हे नाही. बायकांना मत नाही. गुलामांना नाही, आणि त्यांच्या जिवावर अथेन्सजवळच्या लॉरियनच्या चांदीच्या खाणी चालायच्या. न्यायालयात गुलामाची साक्ष छळ करून घेतलेली असेल तरच ग्राह्य धरायची. आणि बाहेरून आलेले, ज्यांना ते 'मेटिक' म्हणत, ते पिढ्यान् पिढ्या तिथे राहिले तरी परकेच. त्यांनी डोईपट्टी भरायची, सैन्यात लढायचं, एका नागरिकाला आपला जामीनदार दाखवायचं, पण जमीन घ्यायची नाही आणि सभेत बोलायचं नाही. अ‍ॅरिस्टॉटल स्टागिरा गावचा. अथेन्समध्ये शिकला, शाळा काढली, आणि आयुष्यभर मेटिक राहिला.

अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस, त्याची गोष्ट तुझ्या परीक्षेला येणार नाही, तरी वाच. इसवी सनापूर्वी ४५१ मध्ये त्यानेच कायदा करवला की आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. पुढे तो मिलेटसच्या आस्पासियाबरोबर राहिला, तिच्यापासून त्याला मुलगा झाला. तो मुलगा त्याच्याच कायद्याने परका. मग प्लेगची साथ आली. लग्नाच्या बायकोपासूनचे दोन्ही मुलगे गेले. धाकट्याच्या प्रेतावर हार ठेवताना, कधी डोळ्यांत पाणी न आणणारा हा माणूस सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला, असं चरित्रकार प्लुटार्कने लिहिलंय. आणि मग ज्या सभेकडून कायदा करवून घेतला होता, त्याच सभेपुढे त्याला आस्पासियाच्या मुलाला नागरिक करून घ्या म्हणून विनवणी करावी लागली. लोकांना दया आली, त्यांनी केलं.

आणि लिसियास. याचा बाप केफालस सिसिलीतल्या सिराक्यूजहून आलेला, ढाली बनवायचा मोठा कारखाना, पदरी १२० गुलाम. घरदार पैसेवालं, कर वेळेवर, शहरावर जीव. इसवी सनापूर्वी ४०४ मध्ये 'तीस जणांची' हुकूमशाही आली, त्यांना पैसा हवा होता, आणि पैसा काढायला सगळ्यात सोपं कोण, तर मेटिक. लिसियास मागच्या दाराने पळाला. भाऊ पॉलेमार्कस सापडला, त्याला विष प्यायला लावलं. त्याच्या बायकोच्या कानांत सोन्याच्या रिंगा होत्या. घरात शिरलेल्यांतल्या एकाने त्या तिच्या कानांतून काढून घेतल्या. पुढे लोकशाही परत आली, ती आणणाऱ्यांना लिसियासने ढाली आणि पैसा पुरवला होता. त्याला नागरिक करायचा ठराव मंजूर झाला आणि नियमावर बोट ठेवून रद्दही झाला. तो मेला तो मेटिक म्हणूनच. त्या कानांतल्या रिंगांबद्दल आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याने स्वतः न्यायालयात उभं राहून ते सांगितलं आणि ते भाषण टिकलं.

रोमचा सम्राट क्लॉडियस इसवी सन ४८ मध्ये सेनेटपुढे अथेन्सच्या नेमक्या याच चुकीवर बोलला. गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, प्रमुखांना सेनेटमध्ये घ्यायचं की नाही यावर वाद होता. जुने सेनेटर म्हणत होते, इटलीत माणसं संपली का? इतिहासकार टॅसिटसने दिल्याप्रमाणे क्लॉडियसचं उत्तर असं होतं की अथेन्स आणि स्पार्टा लढाईत बलवान असूनही बुडाले, कारण जिंकलेल्यांना त्यांनी परकंच ठेवलं. आणि आज जे आपल्याला फार जुनं वाटतं ते एकेकाळी नवंच होतं. त्या भाषणाचा कोरलेला ब्राँझचा पत्रा लियोंला १५२८ मध्ये एका कापडवाल्याच्या द्राक्षमळ्यात सापडला. दादा, रोम बुडण्याचं कारण म्हणून तू जे पाठवलंस, ते रोमच्याच सम्राटाने अथेन्सला उलटं लावून दाखवलं होतं.

रोम दयाळू होतं असं मी म्हणत नाही. त्यांनी गावंच्या गावं विकली, माणसांना रिंगणात मारलं. पण तिथे मालकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम बहुधा नागरिक व्हायचा. अथेन्समध्ये तो मेटिक व्हायचा.

मी हे सगळं इतकं मनाला का लावून घेतो, तेही सांगतो.

आमचं घर रोमरश्टाट स्टेशनजवळ आहे. खाली नीडा नावाचं रोमन गाव होतं. १९६० च्या दशकात नॉर्डवेस्टश्टाट वसवताना त्याचा मोठा भाग बुलडोझरखाली गेला, पण जे सापडलं त्यात इराणी नावाच्या मिथ्राची किमान चार मंदिरं आहेत, आजच्या तुर्कस्तानातल्या डोलिखे गावच्या देवाचे त्रिकोणी पत्रे आहेत, आणि २०१८ मध्ये एका थडग्यात हाडांच्या हनुवटीखाली सापडलेला चांदीचा ताईत आहे, साडेतीन सेंटिमीटरचा, आत गुंडाळलेल्या पत्र्यावर लॅटिन ख्रिस्ती प्रार्थना. सैनिक आणि व्यापारी आपापले देव घेऊन आले होते. आम्ही इथे गणपती बसवतो तेव्हा हॉलच्या करारात ज्योत पेटवू नये असं असतं, म्हणून आरती बॅटरीच्या दिव्यांवर होते आणि धूप बाहेर पार्किंगमध्ये दाखवतात. त्या डोलिखेच्या देवाचं इथे काय काय चालवून घेतलं असेल, ते मला कळतं.

वर टाउनुसच्या डोंगरात साल्बुर्गचा किल्ला आहे, सीमेवरचा. तिथे आल्प्सच्या भागात उभारलेली तुकडी असायची, पाचेकशे माणसं. विहिरींच्या चिखलात त्यांची चामड्याची पायताणं टिकून राहिलीत, टाचेकडे झिजलेली. कोल्हापुरी माणूस पायताणाकडे आधी बघतो, मीही तसाच बघितलं: पट्टे किती, शिवण कशी, तळाला खिळे. असा बाहेरून आलेला सैनिक २५ वर्षं चाकरी करायचा, आणि शेवटी त्याला ब्राँझचे दोन जोडपत्रे मिळायचे, तारेने बांधलेले, सात साक्षीदारांच्या मोहरांचे: हा आता रोमन नागरिक.

मला इथे सोळा वर्षं झाली. जून २०२४ पासून इथला कायदा बदलला, पाच वर्षांत अर्ज करता येतो, मूळ नागरिकत्व सोडायची अटही त्यांनी काढली. ती अट आता आपल्याकडून आहे. भारत दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. माझा अर्ज भरून चौदा महिने टेबलाच्या खणात पडला होता. हानाउला, म्हणजे इथून अर्ध्या तासावर, १९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री एका वंशद्वेष्ट्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या, कारण ते त्याला बाहेरचे वाटले. बहुतेक जण इथेच वाढलेले होते. त्या आठवड्यात मी लेकीला म्हणालो, ट्राममध्ये आपण मराठीत जरा हळू बोलू. ती का विचारत राहिली आणि मी सांगितलं नाही. दादा, 'बाहेरचे घुसले' हे शब्द तू आरामात टाइप करतोस. मला ते वाचताना ती ट्राम आठवते.

आणि तरी तुझं एक खरं आहे. नागरिक झालो की कोल्हापुरात मी मत देऊ शकणार नाही, शेतजमीन विकत घेऊ शकणार नाही. म्हणजे तिथे मी मेटिक होणार. अथेन्सची आणि रोमची एवढी उदाहरणं तुझ्या तोंडावर फेकली, पण त्या खणापाशी जाऊन माझा हात दहा वेळा परत आला. क्लॉडियसचं भाषण मला पाठ आहे, आणि काळ्या-निळ्या पासपोर्टवरचे तीन सिंह सोडवत नाहीत. तू 'हितं येऊन ऱ्हा' म्हणालास त्यात राग होता, पण बोलावणंही होतं, हे मला चार आठवड्यांनी कळतंय.

टाऊन हॉलच्या संग्रहालयातला पोसायडन आठवतोय? ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेच्या काठाला सापडलेला ग्रीकांचा समुद्रदेव, ब्राँझचा, लहानसा. आजोबांनी आपल्याला दाखवला होता, आणि आपलं लक्ष बाहेरच्या शेंगवाल्याकडे होतं. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची नावं आहेत. एकाचं नाव सिंहध्वज, एकाचं धम्म. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दान दिली. यवन म्हणजे नेमके कोण यावर अभ्यासक वाद घालतात, पण मुळात तो शब्द पश्चिमेकडच्या लोकांसाठीचा. इरिलने लेख आपल्या भाषेत कोरवला नाही, इथल्या प्राकृतात, ब्राह्मी अक्षरांत कोरवला. आणि 'यवन' हा शब्द लपवला नाही. नावाच्या आधी घातला.

मागच्या मंगळवारी मला टर्मिन, म्हणजे कचेरीतली भेटीची वेळ, मिळाली. अर्ज दिला. समोरच्या बाईंना मी एकच गोष्ट तीनदा विचारली, आणि तिन्ही वेळा त्यांनी हो सांगितलं: नव्या ओळखपत्रावर जन्मस्थळाचा रकाना असतो, आणि त्यात कोल्हापूरच राहील.